नजरेची परतफेरी

कुत्र्यांचा प्रशिक्षणवर्ग म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ती एका ओळीत बसलेली, हुकमाची वाट पाहणारी शहाणी कुत्री. भिलाईच्या एका सेक्टरातल्या मैदानावर रविवारी सकाळी जो वर्ग भरतो, त्यात असलं देखणं काही नाही. पाच-सात माणसं आणि तेवढीच कुत्री, एकमेकांपासून इतकी लांब उभी की नवख्याला वाटावं, यांचं आपसात पटत नसावं. कुत्र्यांचं खरोखरच पटत नाही. म्हणून तर ती इथे आली आहेत. मधेच एखादी जोडी दोरीवर टाकलेल्या चादरीच्या आडून बाहेर येते, थोडं चालते, थांबते. माणूस कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढून कुत्र्याला भरवतो आणि दोघं पुन्हा आडोशाला जातात. तासभर हेच. कट्ट्यावर बसून पाहणारे लवकरच उठून जातात. पण नेमकं कुठे बघायचं हे एकदा कळलं, की या तासातला एक क्षण डोळ्यांसमोरून हलत नाही. तो सेकंदभरही टिकत नाही. मला त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

आमची तांबी गावठी, नावाप्रमाणे तांबूस, उजव्या कानाचं टोक पिल्लूपणीच्या मारामारीत तुटलेलं. ती मैदानाच्या एका टोकाला उभी आहे, जीभ बाहेर, हलकी धाप. समोरच्या टोकाला चादरीआडून एक पांढरा पोमेरेनियन बाहेर येतो. तांबीचं तोंड मिटतं. पहिली खूण ही, आणि माझ्या मते सगळ्यांत खरी. धाप थांबते, श्वास नाकात अडकतो. मग कानांची मुळं जवळ येतात, कपाळावर उभी घडी पडते. शेपूट अजून हललेली नसते, पण तिच्या बुडाशी केस जरा जाड दिसू लागतात. अंगाचं वजन मागच्या पायांवरून पुढच्या पायांवर सरकतं. पंजाची बोटं मातीत किंचित रुततात. एवढं होईपर्यंत भुंकणं अजून घशातच असतं. नेमकं याच वेळी माझ्या मुठीतली क्लिकरची डबी खाऊची खूण म्हणून 'टक्' वाजते.

आणि मग तो तुटका कान मागे फिरतो. आधी फक्त कान. डोळे अजून पोमेरेनियनवरच आहेत, पण कान माझ्याकडे आला आहे. पाठोपाठ डोळ्याचा कोपरा. मग मान, आणि मानेबरोबर खांदे. तोंड उघडतं, जीभ परत बाहेर येते, आणि उकडलेल्या काळजाचा तुकडा घ्यायला ती माझ्या गुडघ्यापाशी येते. पुढच्याच क्षणी ती आपणहून पुन्हा त्या पांढऱ्या कुत्र्याकडे बघते. या वेळी मात्र निरोप पोचवून आल्यासारखी लगेच परत माझ्याकडे. नजर गेली आणि आली.

या जाण्या-येण्यात पाहण्यासारखं काय आहे, हे समजायला आधी तिचं एरवीचं वागणं माहीत हवं. अशा कुत्र्यांना वर्गात 'रिअ‍ॅक्टिव्ह' म्हणतात; कॉलनीत 'डेंजर', 'काटनेवाला', आणि मालकाविषयी बोलायचं तर 'सांभाळता येत नाही तर पाळतात कशाला'. घरात ही कुत्री मऊ असतात, लहान मुलांच्या अंगावर पाय टाकून झोपतात. रस्त्यावर पट्ट्यात असताना दुसरं कुत्रं दिसलं की मागच्या दोन पायांवर उभी राहून, गळा आवळून, फेस येईस्तोवर भुंकतात. बघणाऱ्याला तो राग वाटतो. पुष्कळदा ती भीती असते. मोकळं कुत्रं भ्यायलं तर वळसा घालून निघून जातं. पट्ट्यातल्या कुत्र्याचा तो मार्ग आपणच बंद केलेला असतो. उरतो आवाज. त्यात गंमत अशी की आवाजाचा उपयोग होतो. समोरचं कुत्रं आपल्या वाटेने जातच असतं, पण भुंकणाऱ्याचा समज होतो की आपण हाकललं म्हणून ते गेलं. रोज सकाळ-संध्याकाळ हा समज पक्का होत जातो. शिवाय दुरून कुत्रं दिसताच मालक पट्टा आखडतो, त्याचा स्वतःचा श्वास थांबतो, आणि हातातल्या कुत्र्याला खात्री पटते की येणारं संकट खरंच मोठं आहे.

हे सगळं उलट फिरवणारा जो खेळ तांबी मैदानावर खेळते, तो अमेरिकेतल्या प्रशिक्षिका लेस्ली मॅक्‌डेविट यांनी आपल्या 'कंट्रोल अनलीश्ड' या 2007 सालच्या पुस्तकात मांडला. त्यांचं काम अडथळ्यांच्या शर्यतीतल्या कुत्र्यांबरोबर चालत असे. गजबजलेल्या मैदानात इतर कुत्री पाहून बिथरणारी, कामावरून लक्ष उडणारी कुत्री त्यांच्यापुढे येत. तोवरची रीत अशी की कुत्र्याने दुसऱ्याकडे बघूच नये, मालकाच्या डोळ्यांत बघत राहावं. मॅक्‌डेविट यांनी नेमकी ती बंदी उठवली. बघ, बघितल्याबद्दल तुला खाऊ मिळेल. ज्या बघण्यातून भुंकणं जन्मतं, त्यालाच त्यांनी कामाचा दर्जा दिला. भ्यालेल्या जिवाला 'तिकडे बघू नको' म्हणणं किती निर्दय आहे! ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पाठ करून उभं राहणं माणसालाही जमत नाही. या खेळात कुत्र्याला बघायची मुभा आहे, आणि बघून आल्यावर सांगायची जागा आहे. कल्पना कळायला दोन मिनिटं लागतात. हातात उतरायला फार वेळ लागतो, कारण तिचं सगळं सौंदर्य क्रमात आणि वेळेत आहे.

क्रम असा: आधी दिसणं, मग टक्, मग मान वळणं, मग खाऊ. खाऊ आधी नाकापुढे नाचवला तर कुत्रं खाऊकडे बघत समोरच्याला विसरतं, आणि खाऊ संपताच ते दुसरं कुत्रं एकदम अंगावर आल्यासारखं त्याला दिसतं. टक् उशिरा झाली तर तोवर भुंकणं सुटलेलं असतं. दूध वर चढायला लागताच आच कमी करणाऱ्या हाताला जे कळतं ते इथे कळावं लागतं. उतू गेल्यावर गॅस बंद करून काही होत नाही. मिटलेलं तोंड आणि पहिलं भुंकणं यांमध्ये जी बारीक फट असते, त्या फटीत 'टक्' पडली पाहिजे. जुने हात ती नेमकी टाकतात, आणि ते पाहताना मला फार आनंद होतो.

आमच्या वर्गाचे शिक्षक एका सुरक्षा दलाच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले. दलाच्या रिवाजाप्रमाणे त्यांना सगळे 'उस्तादजी' म्हणतात. शिकवताना ते कुत्र्याकडे फार बघत नाहीत. त्यांची नजर असते मालकाच्या पट्टा धरलेल्या हातावर. बोटांची पेरं पांढरी पडली की लांबून आवाज येतो, "मुट्ठी ढीली!" मूठ सैल होते, पट्ट्याला पोटासारखा झोळ पडतो, आणि पलीकडे कुत्र्याची मान खाली येते. पट्ट्यातून हाताची भीती कुत्र्याच्या मानेपर्यंत पोचते, हे त्यांनी कधी समजावून सांगितलेलं मी ऐकलं नाही. ते फक्त मूठ सैल करायला लावतात, आणि मग बोटाने कुत्र्याकडे दाखवतात.

या सगळ्याला लागणारा कच्चा माल म्हणजे अंतर. भिलाईत तो आहे. 1955 साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि कारखान्याबरोबर आखीव सेक्टरांचं एक गाव उभं राहिलं: रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, अंगण असलेली क्वार्टर्स, ठिकठिकाणी मैदानं. नागपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडून नोकरीला आलेली आमच्यासारखी मराठी घरं या मोकळेपणाला इतकी सरावली आहेत की त्याचं मोल जाणवत नाही. पुण्या-मुंबईत लिफ्टचं दार उघडतं आणि हातभर अंतरावर दुसऱ्याचा लॅब्रेडोर उभा असतो. तिथे बिचाऱ्या कुत्र्याने तोंड मिटायचं कधी, कान फिरवायचा कधी? शेजारच्या जुन्या दुर्ग शहरातल्या गल्ल्यांतही हा वर्ग भरवता आला नसता. इथे मात्र मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जितकं लांब जायचं तितकं जाता येतं, आणि कारखान्याच्या चिमण्या क्षितिजावर राहतात.

उस्तादजी सकाळी आधी येऊन चुन्याने रेघा मारतात. प्रत्येक कुत्र्याची रेघ वेगळी. रेल मिलमधून निवृत्त झालेल्या काकांच्या जर्मन शेफर्डची रेघ सगळ्यांत मागे, जवळजवळ कुंपणाला टेकलेली. एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीचा लॅब्रेडोर भीतीने नव्हे, तर खेळायला जाता येत नाही म्हणून कावून भुंकणारा. त्याची रेघ बरीच पुढे. मैदानात दोन बांबूंना दोरी बांधून जुन्या चादरी टाकलेल्या असतात. एका वेळी एकच जोडी किंवा फार तर दोन जोड्या उघड्यावर. बाकीचे आडोशाला, जमिनीवर पसरलेल्या पोत्यावर बसून. पोत्यावर बसून काहीच न करणं हाही अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि तो सोपा नाही. चादरीपलीकडून दुसऱ्या कुत्र्याचा वास येतो, पावलं ऐकू येतात. दिसत मात्र नाही. तेवढ्यानेही उत्तेजना पुष्कळ उतरते.

वर्गाची वेळही विचार करून ठरवलेली. पहाटे सहाला पाळी बदलते. त्या सुमारास नाईट करून परतणाऱ्यांच्या स्कूटर्स आणि सायकलींची रांग रस्त्याने जाते. ती ओसरल्यावरच कुत्री मैदानावर आणायची. गल्लीतल्या मोकळ्या कुत्र्यांना तर कुठलीच वेळ बांधून घालता येत नाही. म्हणून वर्ग सुरू व्हायच्या आधी एक जण मैदानाच्या पल्याड, पाण्याच्या टाकीमागे, त्यांना पोटभर खायला घालून येतो. परदेशातल्या पुस्तकांत हा उपाय सापडणार नाही. तिथल्या लेखकांनी अशा शेजाऱ्यांची कल्पनाच केलेली नसते. मला तो वर्गाच्या रचनेतला सगळ्यांत सुंदर भाग वाटतो: ज्यांना वर्गात प्रवेश नाही त्यांच्या न्याहारीने वर्ग सुरू होतो.

अंतर आणि खाऊ यांची ही सांगड मात्र कुत्र्यांपासून सुरू झाली नाही. तिचा पहिला नेटका पाठ 1924 साली एका मुलाच्या बाबतीत लिहिला गेला. न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या तरुण मानसशास्त्रज्ञ पीटर नावाच्या, तीन वर्षांच्या आतल्या मुलाबरोबर काम करत होत्या. पीटरला सशाची भीती होती. पांढऱ्या उंदराची, पिसांची, कापसाची, केसाळ पांघरुणाचीही. मेरी जोन्स यांनी आधी त्याला अशा मुलांबरोबर खेळायला सोडलं ज्यांना सशाची अजिबात भीती नव्हती, आणि ससा त्या खोलीत आणला. म्हणजे सुरुवात समूहानेच झाली. पुढे पीटरला उंच खुर्चीत बसवून आवडीचं खायला द्यायचं, आणि पिंजऱ्यातला ससा खाण्यात अडथळा येणार नाही इतकाच जवळ आणायचा, अशी रीत ठरली. त्यांनी प्रगतीच्या पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. पहिली पायरी अशी की ससा खोलीत कुठेही पिंजऱ्यात असला तरी भीती वाटते. मग बारा फुटांवर चालतो. मग चार फुटांवर, मग तीन. पुढे ससा मोकळा सुटलेला चालतो, मग मांडीवर चालतो, आणि शेवटच्या पायरीवर पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देतो.

हा निबंध मी पुन्हा पुन्हा वाचतो. आवडतो तो त्यातल्या एका अपघातामुळे. समूहातले उपचार छान चाललेले असताना पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला, तो दोनेक महिने रुग्णालयात होता. बरा होऊन परिचारिकेबरोबर टॅक्सीत चढताना एक मोठं कुत्रं धावत, उडी मारत अंगावर आलं. दोघंही घाबरली. पीटर टॅक्सीत पांढराफटक होऊन पडून राहिला, आणि सशाची भीती पुन्हा पूर्वीच्या जागी आली. मेरी जोन्स यांनी हे लपवलं नाही. ही घसरण आपल्या नोंदीत जशीच्या तशी मांडली, आणि ससा लांब ठेवून, उंच खुर्ची आणि खाऊच्या त्या रीतीने नव्याने सुरुवात केली. ज्या प्राण्यामुळे तेव्हा एका मुलाची प्रगती पुसली गेली, त्याच प्राण्याच्या भुंकण्यावर आज त्याच मुलाच्या पायऱ्या आमच्या कामाला येत आहेत. पुढे 1958 साली दक्षिण आफ्रिकेतल्या जोसेफ वोल्पे यांनी भीती टप्प्याटप्प्याने उतरवण्याच्या या पद्धतीला शास्त्राची घडी दिली, आणि वर्तनोपचाराची आई म्हणून मान दिला तो मेरी जोन्स यांना.

योगायोग असा की त्याच 1924 सालच्या सप्टेंबरात लेनिनग्राडला महापूर आला. इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली. पाणी चढत चढत छताशी आलं, नाकं तेवढी वर राहिली. मदतनिसांनी त्यांना पाण्याखालून ओढून बाहेर काढलं. जीव वाचले, पण घंटेला किंवा दिव्याला प्रतिसाद द्यायला शिकलेल्या काही कुत्र्यांची सारी शिकवण विसकटली. ती हळूहळू परत आल्यावर पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत दाराखालून थोडं पाणी सोडून पाहिलं गेलं, तर तेवढ्या ओघळानेही कुत्रं पुन्हा बिथरलं. 1904 साली पचनसंस्थेच्या अभ्यासासाठी नोबेल मिळवलेला हा संशोधक उतारवयात कुत्र्यांच्या स्वभावांचा विचार करत राहिला: कुणी लवकर पेटणारं, कुणी लवकर मिटणारं, एकाच धक्क्याने एक तुटतं आणि दुसरं सावरतं. रशियन इंजिनिअरांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या गावात एका रशियन संशोधकाच्या पूरग्रस्त कुत्र्यांची आठवण येणं मला साहजिक वाटतं. तांबीच्या बाबतीत दाराखालून येणारं पाणी म्हणजे पांढरा रंग. तिला पिल्लूपणी फाडलेलं कुत्रं पांढरं होतं. काळ्या शेफर्डसमोर ती पुष्कळ जवळ जाऊ शकते, पण त्याच्या चतकोर आकाराचा पोमेरेनियन तिला मैदानाच्या टोकाला लागतो.

आता वर्गातल्या समूहाविषयी. 'एवढं बिथरणारं कुत्रं, त्याला कुत्र्यांच्याच वर्गात कशाला न्यायचं?' हा प्रश्न सगळे विचारतात, आणि तो रास्त आहे. साध्या आज्ञापालनाच्या गर्दीत, गोल करून उभ्या राहिलेल्या दहा कुत्र्यांमध्ये असं कुत्रं नेणं हा छळच. भीतीत बुडवून भीती घालवायचा प्रकार तो. कुत्रं शेवटी गप्प होतं, पण ते हरलेलं गप्पपण असतं. या वर्गात मात्र दुसरी कुत्री हेच शिकवण्याचं साधन आहे. पोमेरेनियन तांबीचा धडा आहे, आणि त्याच मिनिटाला तांबी पोमेरेनियनचा. त्याचीही मान वळत असते. त्याच्या मालकीणबाई, आमच्या तेलुगू आंटीही टक् वाजवून त्याला पनीर देत असतात. दोन टोकांना एकाच वेळी दोन माना वळल्या तर उस्तादजी हातातली काठी उंचावतात. तेवढीच शाबासकी. दुसऱ्या कुत्र्याने आपल्याकडे बघून मान फिरवणं ही श्वानांच्या जगात सभ्यतेची खूण आहे. नॉर्वेच्या ट्युरिड रुगास यांनी अशा खुणा वर्षानुवर्षं टिपल्या: मान वळवणं, नाक चाटणं, जमीन हुंगणं, सरळ रेषेऐवजी कमान करून येणं. म्हणजे जे आपण खाऊसाठी शिकवतो तेच समोरच्याला शांततेचा निरोप म्हणून पोचतं. एका हालचालीचे हे दोन अर्थ एकाच वेळी चालू असतात: माझ्यासाठी 'बघून आले', त्याच्यासाठी 'माझ्या मनात काही वाईट नाही'. पलीकडचा तो वाचतो आणि स्वतः सैलावतो, मग तांबी त्याचं सैलावणं वाचते. घरी एकटीला शिकवून हे कधी मिळालं नसतं.

भिलाईला लोक मिनी इंडिया म्हणतात. या खेळात तसंच ऐकू येतं. टक्‌ची सवय पक्की झाली की दिसण्याच्या क्षणाला एक शब्द जोडायचा असतो, आणि तो प्रत्येक जण आपल्या घरातून आणतो. रेल मिलचे काका छत्तीसगढीत "कोन आइस?" म्हणतात. आंटींचं "एवरु वच्चारु?" गाण्यासारखं हेल काढून येतं. एका बंगाली घरातलं "के एलो?" आणि आमच्याकडून "कोण आलं?". रांगत्या बाळाला कडेवर घेऊन खिडकीशी उभं राहून आपण जो प्रश्न विचारतो तो हा. कुणीही ठरवून दिलेला नाही, तरी सगळ्या भाषांतून सारखाच प्रश्न आला आणि सगळ्यांचा आवाज त्या प्रश्नापाशी आपोआप वर चढून गोड होतो. तोच आवाज आधी 'नाही!', 'चूप!' असा खाली आदळायचा. कुत्र्याला शब्द कळत नसेल, पण येणाऱ्याची वार्ता आता धाकाच्या सुरात येत नाही हे त्याला पुरतं कळतं.

चोक चेनचा विषय इथे टाळता येत नाही. उस्तादजी ज्या काळात दलात शिकले तेव्हा साखळीचा झटका हे रोजचं हत्यार होतं, आणि आजही शहरोशहरी घरोघर जाणारे शिकवणारे तो झटका 'गॅरंटी'ने विकतात. झटक्याने भुंकणं थांबतं यात शंका नाही. पण भ्यायलेल्या कुत्र्याला दुसरं कुत्रं दिसताच गळा आवळला गेला, तर त्याच्या हिशोबी त्या दुसऱ्या कुत्र्याबरोबर वेदनाही येते. भीती खोल जाते, वरची सूचना तेवढी मिटते. गुरगुरणं मारलेलं कुत्रं न सांगता चावतं. उस्तादजींनी मैदानावर साखळ्या बंद केल्या आहेत, छातीवरून जाणारा हार्नेस आणि रुंद पट्टा चालतो. तोंडाच्या जाळीला मात्र त्यांची हरकत नाही. उलट ज्या कुत्र्याने पूर्वी कुणाला चावा घेतला आहे त्याला आधी घरी जाळीतून खाऊ खायला शिकवून आणा, असा त्यांचा आग्रह असतो. जाळी घातलेल्या शेफर्डच्या काकांची मूठ पटकन सैल होते, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. आणखी एक अट: वर्गात नाव घालण्याआधी पशुवैद्याकडे जाऊन यायचं. कान दुखत असेल, खुब्यात वेदना असेल, तर त्या कुत्र्याला दुसरं कुत्रं जवळ नकोच वाटणार. दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे आपल्या भागाचं भाग्य.

वर्गाचा शेवट होतो समांतर चालण्याने, आणि मला तो सगळ्यांत श्रीमंत भाग वाटतो. दोन जोड्या मैदानाच्या दोन बाजूंनी एकाच दिशेने निघतात. समोरासमोर कुणी नाही. दोन्ही कुत्र्यांची नाकं पुढे, बाजूने एक ओळखीची हालचाल सोबत चाललेली. डोळ्यांचा सामना नसला की अंतर कमी झालेलं कुत्र्यांना खटकत नाही. पाच-सात पावलांनी एखादी नजर आडवी जाते, परत येते. हळूहळू टक् वाजवायची गरजही राहत नाही. नुसतं चालणं पुरतं. मग पुढे गेलेली जोडी थांबते, मागची जोडी तिच्या वाटेवरून जाते, आणि तांबी पोमेरेनियनच्या पावलांची माती हुंगते. सावकाश, एकाच जागी बराच वेळ. ज्याला बघून गळा फाटेस्तोवर भुंकायची, त्याच्याविषयी आता ती काहीतरी वाचत असते: वय, खाणं, तब्येत, कदाचित त्याची भीतीही. मी पट्टा सैल सोडून उभा राहतो. आंटी पलीकडून हात करतात. तिकडे त्यांचा तो पांढरा गोळाही तांबीच्या वाटेवर नाक लावून उभा असतो.

थंडीच्या सुरुवातीचे दोन महिने या वर्गाला जड जातात. दिवाळीचे फटाके, मग लग्नांच्या वराती, बँड, डीजे. अशा रात्रींनंतर कुत्र्यांचे कान दिवसचे दिवस ताठ असतात, छोट्या आवाजाला ती दचकतात, आणि रविवारी मैदानावर आणली की जुन्या रेघेवर टिकत नाहीत. दिवाळीनंतरच्या पहिल्या वर्गात आंटी पोमेरेनियनला घेऊन आल्या तेव्हा तो त्यांच्या पायांत शिरून उभा होता. त्यांची नेहमीची रेघ मैदानाच्या जवळजवळ मध्यावर आलेली. त्या तिथे गेल्या, पिशवीतून पनीर काढलं. त्याने तोंड फिरवलं.

"फिर से शुरू करना पड़ेगा?" त्यांनी विचारलं.

"शुरू से नहीं," उस्तादजी म्हणाले, "वहाँ से, जहाँ ये खा ले."

आंटी मागे सरकत गेल्या. मध्ये दोनदा थांबल्या, दोनदा त्याने पनीर हुंगून सोडलं. गुलमोहराच्या सावलीपाशी पोचल्यावर त्याने एक तुकडा घेतला, चावला, आणि आणखी मागितला. उस्तादजी चुन्याचा डबा घेऊन चालत तिथे गेले आणि त्याच्या पुढच्या पायांसमोर रेघ मारली.